जुन्या डाकोटावरील ऑइल पेंटचे थर उतरवताना

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: वडिलांनी १९७४ साली एअरफिक्स कंपनीच्या संचातून जोडलेली, डाकोटा या मालवाहू विमानाची १/७२ प्रमाणातील प्लास्टिकची प्रतिकृती आपल्याजवळ आहे. तिच्यावर ब्रशने दिलेले ऑइल पेंटचे निदान तीन थर असून त्यांखाली सगळी नक्षी बुजली आहे. ते थर उतरवून तिला भारतीय हवाई दलाच्या व्हीपी ९०५ या विमानाचे रूप देण्याची आपली इच्छा आहे. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोजचा रंग पातळ करण्याचे द्रावक) उजव्या पंखाच्या खालच्या बाजूला लावून पाहिले, तेव्हा रंगाबरोबर प्लास्टिकही चिकट झाले आणि आपण तिथेच थांबलात. थांबलात हे फार चांगले केले. झालेले नुकसान भरून काढता येण्याजोगे आहे.

पहिली विनंती अशी की त्या चिकट जागेला पंधरा दिवस बोट, कापड किंवा पॉलिश पेपर यांपैकी काहीही लावू नये. प्रतिकृतीचे प्लास्टिक पॉलिस्टायरीन आहे. एनसी थिनरमधील टोल्युइन, अ‍ॅसिटोन आणि त्यांच्यासारखी द्रावके पॉलिस्टायरीनला विरघळवतात. अशा संचांना जोडण्याचे सिमेंटही याच तत्त्वावर काम करते. म्हणजे आपण नकळत पंखाच्या पृष्ठभागावर सिमेंटच फिरवले. आत मुरलेले द्रावक सावकाश उडून गेले की प्लास्टिक पुन्हा कडक होते, आणि त्यानंतरच तिथली दुरुस्ती करता येते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पेंट रिमूव्हर तर या कामासाठी पूर्णपणे वर्ज्य समजावा. त्यातील मिथिलीन क्लोराइडने पंखाचा आकारसुद्धा शिल्लक राहणार नाही.

या कामात रंग काढायचा असला तरी जपायचा असतो तो प्लास्टिकचा सर्वांत वरचा, केसाएवढा पृष्ठभाग. १९६० मध्ये बाजारात आलेल्या या संचाच्या साच्यात पंख आणि धड उठावदार रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या डोक्यांच्या, ओळींनी भरून टाकले होते. खऱ्या डाकोटाचे रिव्हेट इतक्या लहान प्रमाणात दिसायलाही नकोत, असे म्हणून अनेक जण ते घासून सपाट करतात. मला ते पटत नाही. त्या ओळी त्या काळातील साचेकारांच्या हातची खूण आहेत आणि वडिलांनी हाताळलेली वस्तू तीच आहे. पॉलिश पेपरचा एक हात फिरला तरी त्या ओळी कायमच्या जातात. म्हणून खरवडणे आणि घासणे हे मार्ग सुरुवातीलाच बाजूला ठेवू आणि रंगाला आपणहून सुटू देऊ.

रंग सुटावा कसा, हे तो कशाचा बनला आहे यावर ठरते. आपल्याकडे ज्याला सरसकट ऑइल पेंट म्हणतात तो, आणि हम्ब्रोलसारख्या छोट्या डब्यांतून येणारा इनॅमल रंग, हे दोन्ही अल्किड रेझिनचे असतात. त्यातील तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन कडक होते. पन्नास वर्षांत ते इतके पक्के होते की टर्पेंटाइन त्यावर फारसे चालत नाही. मात्र या रेझिनच्या रेणूंत एस्टर बंध असतात आणि तीव्र अल्कली ते बंध तोडते. तेलाचा साबण होण्याची जी क्रिया आहे, तीच इथे रंगाच्या थरात घडते. पॉलिस्टायरीनमध्ये असे बंध नसल्यामुळे अल्कलीचा त्यावर परिणाम होत नाही. एकच पदार्थ रंगाला खातो आणि प्लास्टिकला शिवतही नाही, असा हा दुर्मीळ योग आहे. म्हणून आपल्या विमानासाठी मी कॉस्टिक सोड्याची, म्हणजे अशाच एका तीव्र अल्कलीची, शिफारस करतो.

त्याआधी दोन खात्र्या करून घ्याव्यात. पहिली रंगाविषयी. चाकांच्या खोबणीत, सहज दिसणार नाही अशा जागी, निर्जंतुकीकरणाचे नव्हे तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीने अर्धा मिनिट लावावे. रंग मऊ होऊन काडीवर आला, तर तो थर अ‍ॅक्रिलिकचा आहे आणि बहुधा नंतर कोणीतरी दिलेला आहे. काडी स्वच्छ निघाली तर तो अल्किडचा आहे. दुसरी खात्री प्लास्टिकविषयी. आपला संच १९६० नंतरचा असल्याने ते पॉलिस्टायरीनच असणार, पण हे उत्तर आणखी जुन्या प्रतिकृती जवळ असलेले लोकही वाचतील, म्हणून सांगतो. ब्रिटनमधील फ्रॉग कंपनीने १९३६ पासून पेंग्विन या नावाने काढलेले संच सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे होते, आणि कॉस्टिक सोडा त्या प्लास्टिकला नासवतो. फरक ओळखण्यासाठी लिटरभर पाण्यात सुमारे ३५० ग्रॅम मीठ विरघळवावे आणि त्यात रंग न लागलेला एखादा सुटा तुकडा टाकावा. पॉलिस्टायरीन साध्या पाण्यात बुडते पण या खारट पाण्यावर तरंगते; सेल्युलोज अ‍ॅसिटेट दोन्हींत बुडते. शिवाय खराब होत चाललेल्या अ‍ॅसिटेटला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो.

आता नोंदीचे काम, ज्यात घाई करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. शेपटीवर वडिलांनी हाताने काढलेले आकडे आहेत असे आपण लिहिले आहे. रंग उतरला की ते परत मिळणार नाहीत. सर्व बाजूंनी, तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, आणि आकडे व चिन्हे बटर पेपरवर गिरवून ठेवावीत. त्यानंतर पंखाच्या खालच्या बाजूला नखाएवढ्या एका जागी १००० क्रमांकाचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून अगदी हलक्या हाताने गोलाकार फिरवावा. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे रंगाचे थर एकाबाहेर एक दिसू लागतात, आणि कोणता रंग आधीचा व कोणता नंतरचा हे कळते. संग्रहालयांत वस्तूंचे जतन करणारेही थर वाचण्यासाठी हीच युक्ती वापरतात. रंग उतरेपर्यंत या विमानावर एवढ्या एका जागेपुरतेच मी घासायला सांगेन, आणि तेही ओलेच. कोरडे घासणे धोक्याचे आहे, कारण जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि कित्येकदा पांढऱ्या रंगांतही शिशाची संयुगे असत. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. १९७४ च्या डब्यात काय होते याचा भरवसा धरू नये.

तिन्ही थर उतरवायलाच हवेत का, याचा विचार या वलयांकडे पाहून करावा. सर्वांत खालचा थर पातळ असेल, त्याखालच्या रिव्हेटच्या ओळी स्पष्ट असतील आणि जाडी फक्त नंतरच्या थरांची असेल, तर मी वडिलांचा पहिला थर राखून वरचेच काढण्याचा प्रयत्न करीन. मात्र तिन्ही थर अल्किडचे असतील तर ते एकामागोमाग एक सुटत नाहीत, सगळे एकदमच मऊ होतात. अशा वेळी मध्यममार्ग म्हणून मी एक सुटा भाग, बहुधा इंजिनाचा एक पंखा (प्रॉपेलर) किंवा मालवाहू दरवाजा, मूळ रंगासह तसाच ठेवून पेटीत जपतो. आपणही तसे करावे.

यानंतर सुटे होऊ शकणारे भाग वेगळे करावेत. दोन्ही पंखे, चाके आणि अँटेना हे नाजूक भाग आधी काढले नाहीत तर द्रावणात हाताळताना मोडतात. जुन्या सिमेंटचा जोड सुटत नसेल तर प्रतिकृती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावी. थंडीने जोड ठिसूळ होतो आणि हलक्या पिळानेच अनेकदा सुटतो. तरीही हटून बसलेला जोड तसाच राहू द्यावा. चांगल्या सिमेंटने दोन तुकडे वितळून एकजीव होतात, म्हणून कॉस्टिक त्याला काही करत नाही. पण मधल्या काळात कोणी इन्स्टंट ग्लूने म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेटने काही चिकटवले असेल, तर ते जोड अल्कलीत कमजोर होऊन सुटतील, आणि फटींत भरलेली लांबीही (पुट्टी) निघून येईल. त्याने घाबरू नये, ते सगळे पुन्हा करता येते.

डाकोटाच्या खिडक्यांमुळेही मी अल्कोहोलऐवजी कॉस्टिकच सुचवतो. या संचात खिडक्यांचे पारदर्शक तुकडे आतून बसवलेले असतात आणि धड न उघडता ते काढता येत नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल साध्या पॉलिस्टायरीनला विरघळवत नाही हे खरे. पण ज्या तुकड्यावर ताण असतो, म्हणजे जो दाबून बसवलेला किंवा वाकलेला असतो, त्याला ते बारीक तडे पाडते. पारदर्शक भागावर ते तडे कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात आणि कशानेही जात नाहीत. अनेक वर्षांपूर्वी एका लढाऊ विमानाची प्रतिकृती मी कॅनॉपीसकट, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरील पारदर्शक झाकणासकट, रात्रभर अल्कोहोलात ठेवली होती. सकाळी रंग छान निघाला होता, पण कॅनॉपी दुधाळ झाली होती. ज्यांच्या प्रतिकृतीवर अ‍ॅक्रिलिक रंग आहे त्यांनी अल्कोहोल जरूर वापरावे, मात्र पारदर्शक भाग काढून, आणि रात्रभर बुडवून न ठेवता भिजवलेल्या कापसाने टप्प्याटप्प्याने. ब्रेक ऑइलचाही सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल इनॅमल उतरवते आणि गॅरेजमध्ये सहज मिळते. पण ते प्रत्येक सांध्यात चिकटून राहते, धुऊन काढणे कटकटीचे असते, आणि त्यात फार दिवस राहिलेले जुने प्लास्टिक मला ठिसूळ झालेले आढळले आहे. बंद धडाच्या विमानासाठी मी ते वापरत नाही. डॉट ५ हे सिलिकोनचे असते आणि त्याने रंग निघतच नाही.

आता द्रावण. खऱ्या डाकोटाच्या पंखांचा विस्तार सुमारे २९ मीटर आणि लांबी साडेएकोणीस मीटर आहे, म्हणजे आपली प्रतिकृती साधारण ४० सेंटिमीटर रुंद आणि २७ सेंटिमीटर लांब असणार. ती सपाट मावेल असे पॉलिप्रॉपिलीनचे उथळ टब घ्यावे. त्याच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो. स्टीलचे भांडे चालते, अ‍ॅल्युमिनियमचे मात्र कदापि नको, कारण कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खाते आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. पाच लिटर पाण्यात २५० ग्रॅम कॉस्टिक सोडा हे पाच टक्क्यांचे द्रावण या कामाला पुरते. आधी पाणी घ्यावे आणि त्यात सोडा थोडा थोडा सोडत लाकडी काठीने ढवळावे. सोड्यावर पाणी ओतू नये, ते उसळून अंगावर येते. विरघळताना द्रावण बारा-तेरा अंशांनी तापते, म्हणून ते घरातल्या तापमानाला येईपर्यंत थांबावे. काम लवकर व्हावे म्हणून ते गरम करण्याचा मोह होतो. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि ताण असलेला पातळ पंख त्याच्या बराच आधी पीळ खातो. म्हणून गरम करू नये.

कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि बाजूने बंद असलेला चष्मा यांच्याशिवाय टबाजवळ जाऊ नये. कॉस्टिक त्वचेवर पडले की प्रथम नुसते बुळबुळीत लागते, भाजल्याचे नंतर कळते. ती जागा वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धरावी. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नये. डोळ्यात थेंब गेला तर तितकाच वेळ डोळा धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. घरात लहान मूल असेल तर टब कुलपात ठेवण्याची सोय झाल्याशिवाय हे काम सुरू करू नये.

प्रतिकृती द्रावणात ठेवताना धडात हवा राहून ती तरंगते. तिला तिरपी करून हवा बाहेर काढावी आणि वर पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली ठेवावी. सर्वांत वरचा थर चंदेरी आहे असे आपण लिहिले आहे. चंदेरी रंगात अ‍ॅल्युमिनियमची पूड असते, त्यामुळे बुडवल्यावर बारीक बुडबुडे येऊ लागतील. तो हायड्रोजनच आहे. टबावर घट्ट झाकण लावू नये, जवळ उदबत्तीसुद्धा पेटवू नये, आणि काम गच्चीत किंवा उघड्या गॅलरीत करावे. या बुडबुड्यांनी रंग आतून उचलला जातो, त्यामुळे चंदेरी थर इतरांपेक्षा लवकर निघतो.

दर बारा तासांनी पाहावे. काही तासांत रंगाला सुरकुत्या पडू लागतात, मग त्याचे पापुद्रे सुटतात. जाड थरांना दोन-तीन दिवस लागतात, क्वचित आठवडाही. सुटलेला रंग मऊ टूथब्रशने, रिव्हेटच्या ओळींच्या दिशेने, पाण्याखाली अलगद झाडावा. पंख जिथे धडाला मिळतो त्या कोपऱ्यांत बांबूची टोकदार काडी वापरावी. सुरी, सुई किंवा लोखंडी ब्रश वापरू नये. जोर लावावासा वाटला तर रंग अजून सुटलेला नाही असे समजून प्रतिकृती पुन्हा द्रावणात ठेवावी. काही ठिकाणी रंगाची सावली उरेल, विशेषतः लाल रंगाची, कारण इनॅमलमधील द्रावकाने पन्नास वर्षांपूर्वीच प्लास्टिकमध्ये किंचित शिरकाव केलेला असतो. तो डाग काढण्याचा प्रयत्न करू नये, प्रायमरखाली तो झाकला जातो.

यापुढचा टप्पा अनेक जण उरकून टाकतात आणि नंतर पस्तावतात. पंख आणि धड पोकळ आहेत, सांध्यांमधून द्रावण आत गेलेले असते, आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या प्रतिकृतीतून ते कित्येक दिवस झिरपत राहते. नवा रंग दिल्यावर महिन्याभराने पंखाच्या कडेला फोड येतात ते यामुळे. चाकांच्या खोबणीत, आतल्या बाजूला, दीड-दोन मिलिमीटरचे छिद्र पाडावे आणि आतले द्रावण निथळू द्यावे. मग प्रतिकृती स्वच्छ पाण्यात चार-पाच तास बुडवून ते पाणी बदलावे, असे निदान तीनदा करावे. शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर चालेल, पण ते घालण्याआधी परीक्षा घ्यावी. पांढऱ्या कागदावर ओल्या हळदीचा पट्टा ओढून वाळवावा आणि छिद्रातून निथळलेल्या पाण्याचा थेंब त्यावर टाकावा. हळदीत चुना मिसळला की कुंकवासारखा लाल रंग येतो, तसा तो पट्टा लालसर झाला तर आत अजून अल्कली आहे. पिवळाच राहिला तर काम झाले. वाळवायला सावलीत, पंख्याखाली ठेवावे, एका पंखावर भार येणार नाही अशा बेताने. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा हेअर ड्रायरने वाळवू नये.

वापरलेले द्रावण मोरीत ओतू नये, त्यात शिसे असू शकते. ते जुन्या सुती कापडातून गाळून पापुद्रे बंद डब्यात ठेवावेत. उरलेले पाणी हळदीचा पट्टा पिवळा राहीपर्यंत व्हिनेगरने शमवावे आणि मुले व जनावरे पोहोचणार नाहीत अशा जागी उन्हात आटू द्यावे. तळाशी राहिलेला साका त्याच डब्यात घालून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा.

एक इशारा इथेच देतो, कारण डाकोटाला गुण आला म्हणून लोक हेच द्रावण पुढच्या खेळण्यासाठी काढतात. डिंकी कंपनीच्या खेळण्यांसारखी ओतीव धातूची विमाने जस्ताच्या मिश्रधातूची असतात आणि कॉस्टिक जस्तालाही खाते, म्हणून ती त्यात बुडवू नयेत. त्यांना पेंट रिमूव्हर चालतो, कारण तिथे वितळायला प्लास्टिक नसते; मात्र चाके आणि खिडक्या आधी काढाव्या लागतात. एनसीसीच्या एअर विंगमध्ये बनवतात तसल्या, टिश्यू पेपर ताणून डोप (कागद घट्ट करणारे रोगण) लावलेल्या बाल्सा या हलक्या लाकडाच्या विमानांवर तर यांपैकी काहीच करू नये. तिथे रंग, डोप आणि कागद एकजीव झालेले असतात. जुना कागद काढून नवा चढवणे एवढाच मार्ग आहे.

उजव्या पंखाची दुरुस्ती सर्वांत शेवटी. प्लास्टिक पूर्ण कडक झाल्याची खात्री झाली की ६००, १००० आणि १५०० क्रमांकाचे पॉलिश पेपर पाण्यातून क्रमाने फिरवावेत, आणि खराब जागेबाहेरचे रिव्हेट वाचावेत म्हणून भोवती मास्किंग टेपचे दोन पदर लावावेत. गेलेले रिव्हेट परत आणायचे असतील तर डाव्या पंखाच्या खालच्या बाजूच्या ओळींचे अंतर बटर पेपरवर घ्यावे, तो कागद उलटा करून उजव्या पंखावर खुणा कराव्यात आणि सुईच्या टोकाने पांढऱ्या गोंदाचे थेंब ठेवत जावे. वाळल्यावर ते बसतात आणि मूळ रिव्हेटइतकेच उंच दिसतात. एका बैठकीत एकच ओळ करावी, हात थरथरू लागला की थांबावे.

व्हीपी ९०५ या क्रमांकाबद्दलही एक सांगायचे आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य घेऊन उतरलेल्या डाकोटाचा हा क्रमांक २०१८ मध्ये हवाई दलाला मिळालेल्या, ब्रिटनमध्ये पुन्हा उडण्याजोग्या केलेल्या ‘परशुराम’ या डाकोटालाही दिलेला आहे. १९४७ चे विमान आणि आजचे विमान यांपैकी कोणते रंगवायचे हे आधी ठरवून त्या त्या काळातील छायाचित्रे जमवावीत. धातूसारख्या चंदेरी रंगाखाली बोटाचा ठसा आणि जुन्या रंगाचा कणसुद्धा दिसतो. म्हणून प्रायमरआधी प्रतिकृती साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, नंतर हातमोजे घालूनच हाताळावी. करड्या प्रायमरचा पहिला हात इतका पातळ द्यावा की रिव्हेटची प्रत्येक ओळ त्यातून मोजता यावी.